बाच्या आंगठ्यापायी

लोक लांब लांब जातात आन् आल्यावर चार जनांत बसून सांगतात. मी गेले ती भिवपुरीला. आमच्या गावास्नं निघालं तर एका दिसात पोचायचं ठिकान. पर मला निघायलाच पंचेचाळीस वर्सं लागली, म्हनून सांगते.

मी तीन बुकं शिकले, पर लिवायला हात वळत नाय. मी बोलते आन् नात लिवते. ती म्हनते, आजे, जरा शुद्ध सांग. म्हनलं, बोलते तसंच लिव, नायतर ठेव ती वही.

आदी का गेले ते सांगते.

माजा बा धोंडू पयल्या मोठ्या लढाईत शिपाई म्हनून गेला. बसऱ्याला. मी तवा सात-आठ वर्सांची, भाऊ आयेच्या कडेवर. बाबरोबर शेजारच्या आळीतला सखाराम गेला. पुढं सरकारी कागद आला की धोंडूचा पत्ता लागत नाय. आय म्हनाली, पत्ता लागत नाय म्हंजी मेला नाय. ती कुंकू लावीत राह्यली. दोन वर्सांनी सखारामकाका परत यायला निघाला आन् मुंबईच्या इस्पितळात तापानं गेला. तो नाय आला, त्याच्या घरी त्याची लोखंडी पेटी आली. तिच्यात डगला, तांब्याचा पेला आन् एक फोटू.

फोटूत सखारामकाका बंदूक घेऊन उभा. त्याच्या पुढं वाळूत पाच शिपाई आडवे पडलेले. तिसरा माजा बा. पाचांच्याबी पायात बूट नाय आन् बाच्या उजव्या पावलाचा नुसता चेंदा. फोटूच्या मागं इंग्रजी लिवलेलं. तलाठ्यानं वाचून सांगितलं, "लढाईनंतर." मंग काय राह्यलं? जानत्या मान्सांनी माना हलवल्या. एक म्हनाला, बूट मेलेल्याचेच काढून नेतात.

आय एकटीच म्हनत होती, "पाय चिरडलेला नाय हो. आंगठा हलवतोय तो. पडल्या पडल्या हलवतो, झोप लागेस्तोवर."

ते खरं होतं. बाला ती खोड होती. पर कोन ऐकतो? डोक्यावर परिनाम झाला म्हनाले. त्याच दिशी विहिरीवर नेऊन दगडानं तिच्या बांगड्या फोडल्या. सवाष्णीची बांगडी फुटली तर बायका फुटली म्हनत नायत, वाढली म्हनतात. आमच्या आयेच्या फोडल्या. आन् तवापासनं आमच्या घरात कोनाची बांगडी वाढली नाय, फुटलीच. आयच तसं बोलायची, मुद्दाम.

मंग तिनं दुसऱ्याच्या शेतात लावनी केली, गवताचे भारे वाह्यले. भिवपुरीला वीजघराचं काम निघालं तवा तिथं माती वाह्यली. आमाला वाढवलं. मरताना मला म्हनाली, "गंगे, माज्या नावाचं पान अविधवा नवमीला वाढा."

पितरांच्या पंधरवड्यात नवमीला पान वाढतात ते नवऱ्याआदी, कपाळाला कुंकू घेऊन गेलेल्या बाईचं. आयेला गावानं विधवा ठरवलेली. तिचं पान आमुशेला, सगळ्या पितरांत. भावानं गावाचं ऐकलं. मी भांडले नाय. खरं सांगते, मीबी तिला येडीच समजत होते. मी सोता विधवा हाय, पर माजा नवरा माज्या मांडीवर गेला. तिला नुसता एक फोटू दाखवला होता.

पासष्ट साली पाकिस्तानची लढाई लागली. गनपती नुकते गेलेले. शाळेत पेपर यायचा, त्यात लढाईचे फोटू. एकदा मास्तरांनी दाखवला त्यात वाळूत दोघं जन पडलेले. मी इचारलं, "मास्तर, हे मेलेत का निजलेत, हे कसं वळखायचं?" मास्तर हसले नायत. म्हनाले, "आजी, ते फोटो काढणाराच सांगेल. कर्जतला एक जुना फोटोवाला आहे."

सांजच्याला भावाला सांगितलं. तो चुलीशी बिडी वढत होता. म्हनाला, "आक्का, एकदा जाऊन ये. फोटू सखारामकाकाच्या लेकीकडं भिवपुरीला हाय, तो बघ, जानत्याला इचार. तू सांगशील त्या दिशी आयेचं पान वाढीन. नवमीला पाच दिस हायत."

"आन् गाव?"

"गाव जेवायला येतंच. कुठल्या दिशी का असंना."

भिवपुरीला

सकाळी भाकर बांधली, दोन मोठ्या काकड्या पिशवीत घातल्या आन् बांधाबांधानं खालापूरला निघाले. भात पोटरीला आलेलं. पाऊस यायचा न् जायचा. पाताळगंगेच्या कडेला, रसायनीच्या अंगाला कारखान्यांची कामं चालू झालेली. ज्या माळावर आमी गवत कापायचो तिथं तारेचं कुंपन. एका कुंपनाशी चपलेचा आंगठा तुटला. म्हनलं, देवा, आंगठ्यापायी निघाले तर तू आंगठाच तोडलास! चपला पिशवीत काकड्यांवर ठेवल्या.

खालापूरास्नं कर्जतला यष्टी. कर्जतास्नं पुढं एक कौलांची बैलगाडी मिळाली. गाडीवान म्हनाला, "आजे, बसा, पर कौलं फोडू नका."

"माजं वजन हाय का तेवडं?"

"वजनाचं नाय. म्हातारी मान्सं झोपतात आन् कलंडतात."

मी झोपले नाय. समोर डोंगर, आन् डोंगरावरनं खाली येनारे ते मोठाले काळे नळ. त्यातनं पानी येतं आन् वीज होते म्हनतात. मला वीज काय कळत नाय. त्या नळांच्या खालची माती माज्या आयेच्या डोक्यावरनं गेलीय, एवडं ठावं. गाडीवानाला म्हनलं तसं. तो म्हनाला, "मंग तुमाला वीज फुकट पायजे." आमच्या गावात तवा वीज नव्हती.

सखारामकाकाची लेक चांगुना वीजघराच्या चाळीत राहायची. तिचा नवरा तिथंच कामाला होता, आता घरीच बसलेला. ती आन् मी एका वर्साच्या, एकत्र खेळलेल्या. पर बांगड्या फोडल्या त्या दिसापासनं दोन घरांचं जानं-येनं मोडलं. का, ते कोनी सांगितलं नाय.

दारात उभी राह्यले. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हनाली, "कोन गं?"

"गंगू. धोंडूची."

"अगं बया!" सूप तसंच राह्यलं. "जित्ती हायस?"

"का, माजंबी पान वाढलंस का काय?"

मंग ती हसली. दात माज्यापेक्षा कमी.

तिच्याकडं सगळं वीजघराच्या भोंग्यावर. भोंगा झाला की जेवायचं, भोंगा झाला की चाळीतली मान्सं घरी. आमच्याकडं ऊन उंबऱ्यावर आलं की भाकर. तिच्या घरात नळ होता. मी तो दोनदा सोडला, दोनदा बंद केला. चांगुनाचा नवरा म्हनाला, "पाव्हनी नळाशी खेळते." चा दुधाचा आन् साखरेचा. आमी गुळाचा कोरा पितो. मला तिचा चा लई गोड लागला, पर सांगितलं नाय. रातीच्या जेवनाला वालाचं बिरडं आन् माजीच काकडी. बिरडं आमच्यासारखंच. तेवडं बदललं नव्हतं.

फोटू भिंतीवर होता. हार घातलेला, चंदनाचा टिळा लावलेला. मी जवळ गेले. सखारामकाका उभा, बंदूक धरलेला. पर कमरेच्या खाली लाल जाड कागदाची पट्टी, कडेला सोनेरी नक्षी. आडवी पडलेली मान्सं नायतच.

"हे काय गं?"

"फ्रेमवाल्याला सांगून घातली. मेलेली मान्सं देवाच्या भिंतीवर कशी लावू? बा तेवडा दिसतो."

"तुजा बा दिसतो. माजा खाली हाय."

 मंग मी सगळं सांगितलं. आयेचं, नवमीचं, मास्तरांचं. म्हनलं, फ्रेम उघडू, कर्जतच्या फोटूवाल्याला दाखवू.

"नको गं," ती म्हनाली. "झाकलंय ते झाकलेलं बरं. कागद जुना हाय, फाटला तर? माज्याकडं बाचं दुसरं काय नाय. पेला बी चोरीला गेला."

"माज्याकडं तेवडंबी नाय. मला बाचं तोंड आठवत नाय, चांगुने. आंगठा आठवतो."

तिनं अंथरून घातलं. मला वाटलं, उद्या रिकामी परत.

पर सकाळी उठून बघते तर ती नवं लुगडं नेसून बसलेली, फोटू जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. म्हनाली, "येते मीबी. पर फोटू माज्याच हातात राहील. तू हात लावायचा नाय."

कर्जत

वीजघराचा ट्रक बाजाराला जायचा, त्यात बसलो. ती पुढं डायवरशेजारी, फोटू घेऊन. मी मागं, कोबीच्या रिकाम्या करंड्यांत. डायवर तिला मावशी म्हनत होता, म्हनून मला मागं जागा तरी मिळाली.

ठेसनाजवळ एका होमगार्डानं अडवलं. तवा लढाईपायी सगळीकडं पहारे होते, हेर आलेत म्हनून बोलवा. त्याला ते गाठोडं दिसलं.

"काय आहे त्यात?"

"फोटू," चांगुना म्हनाली.

"कुणाचा? दाखवा."

तिनं कोपरा सोडला. फौजेचा डगला, बंदूक बघून तो ताठ झाला. "लष्कराचा फोटो! कुठनं मिळाला तुम्हाला? कुठली छावणी ही?"

"बसऱ्याची."

"ते कुठं आलं? पाकिस्तानात?"

चांगुनानं त्याला वरनं खालपर्यंत बघितला. "माजा बाप हाय तो. तुजा बाप रांगत होता तवाचा फोटू हाय. धर मला, ने कुठं न्यायचं ते. दोन म्हाताऱ्या हेर पकडल्या म्हनून पेपरात फोटू येल तुजा."

आजूबाजूची मान्सं हसली. तो बिचारा बाजूला झाला, वर आमाला रस्ता दाखवला. मान्सं आपलं काम करतात.

फोटूवाल्याला सगळे अण्णा म्हनायचे. सत्तरीच्या पुढचा, एका डोळ्यावर जाड काच. दुकानात भिंतीवर डोंगर रंगवलेला. खरा डोंगर दाराबाहेर दिसत होता, पर लोक रंगवलेल्यापुढं उभे राहत होते.

त्यानं फ्रेम उलटी केली, खिळे काढले. चांगुना त्याच्या हाताकडं बघत होती, भात कांडताना मुसळाकडं बघावं तशी. पट्टी निघाली. कागद नाय फाटला.

मी वाकले. पाच मान्सं वाळूत. तिसरा बा. तोंड आमच्याकडं वळलेलं, डोळे मिटलेले. मिशी बारीक. मी बघत राह्यले. माजा थोरला पोरगा तवा तिशीचा होता. बा त्याच्यापेक्षा ल्हान दिसला. एवडंसं पोर. त्याला मी एवडी वर्सं म्हातारा समजत होते.

"तिसरा?" अण्णांनी इचारलं. मी मान हलवली. सगळी हकीगत सांगितली. आंगठ्याचंबी.

ते हसले नायत. भिंग काढलं, दाराच्या उजेडात गेले, लई वेळ बघितलं. मंग म्हनाले, "बाई, हा लढाईचा फोटो नाही. मांडलेला फोटो आहे."

"मांडलेला म्हंजी?"

"पाट मांडतात तसा. बसा, सांगतो." त्यांनी आमाला बाकड्यावर बसवलं. "माझा आजा पुण्याला लष्करात एका साहेबाच्या फोटोच्या दुकानात पाणी भरायचा. त्याच्याकडून मी ऐकलेलं. सुरवातीचा क्यामेरा म्हणजे तीन पायांवर पेटी. आत काच, काचेला औषध लावलेलं. काच ओली आहे तोवरच फोटो, वाळली की फुकट. म्हणून साहेब लोक लढाईच्या मागं तंबू आणि पाण्याची पिंपं घेऊन फिरायचे. पेटीचं झाकण काढायचं, अंक मोजायचे, झाकण लावायचं. तेवढ्यात जो हलला तो फोटोत पुसला जायचा. आता सांगा, लढाईत न हलणारं कोण असतं?"

"मेलेला," चांगुना म्हनाली.

"बरोबर. म्हणून लढाईचा फोटो कुणाला काढताच येत नव्हता. लढाई संपल्यावर जायचं आणि लढाई मांडायची. तिकडं रशियाच्या मुलखात एक साहेब गेला. त्या एकाच वाटेचे दोन फोटो आहेत म्हणतात. एकात वाट रिकामी, एकात वाटभर तोफेचे गोळे. आपल्याकडं बंड मोडल्यावर दुसरा एक लखनौला गेला. लढाईला महिने लोटलेले. तर अंगणात माणसांची हाडं मांडून फोटो काढला, अशी बोलवा होती."

"मेलेल्यांनाबी कामाला लावलं म्हना," मी म्हनलं.

"लावलं. आणि मेलेले नसले की जिवंतांना झोपवायचे. बसऱ्याच्या वेळेपर्यंत काचा सुक्या निघाल्या होत्या, हातातले क्यामेरेही आले होते. पण जुन्यांची पेटी आणि जुन्यांची सवय सुटली नव्हती. ह्या सावल्या बघा किती लांब आहेत. सांजेचा उजेड. दोन-तीन अंक तरी मोजले असतील." त्यांनी भिंग माज्या हातात दिलं. "आता पाय बघा. पहिल्याची बोटं मोजा."

मोजली. पाच.

"वाळूचा खडा न् खडा दिसतोय ना? बंदुकीच्या पट्ट्याची शिवणसुद्धा. आता तुमच्या वडिलांचा पाय. पाऊल चिरडलं असतं तर टाचही गेली असती. टाच बघा, लख्ख आहे. वर या."

मी वर आले. भिंग हाताला जड लागत होतं. ज्याला सगळ्यांनी चेंदा म्हनलं होतं ते धुरासारखं होतं. आन् धुराच्या दोन कडांना दोन आंगठे. एकाच पायाला.

"एकदा इकडं, एकदा तिकडं," अण्णा म्हनाले. "हलवला त्यानं. साहेबानं ओरडून सांगितलं असेल, हलू नका. बाकीचे चौघे नाही हलले. ह्याला राहवलं नाही."

"म्हंजी मेला नव्हता?"

"झाकण उघडं होतं तेवढा वेळ तरी जिवंत होता, हे मी कुणापुढंही सांगेन. बाकी चौघांचं सांगता येणार नाही. आणि त्याच्या पुढचं तुमच्या वडिलांचंही नाही. ते ह्या काचेत उतरलेलं नाही."

"मागं लिवलंय ना, लढाईनंतर?"

त्यांनी फोटू उलटा केला, वाचला. "अहो, असं सगळ्यांवरच लिहायचे."

मला रडू नाय आलं. आयेचा आवाज आला कानात, आंगठा हलवतोय तो. पंचेचाळीस वर्सं त्या फोटूत तो हलत होता, पुढं पुढं लाल कागदाच्या मागं. आन् मी तिला येडी म्हनत होते.

रडायला लागली ती चांगुना. "माजा बा उभा हाय की गं तिथं. त्याला ठावं होतं सोंग हाय म्हनून. आन् त्याच्याच फोटूनं तुज्या आयेच्या बांगड्या फोडल्या."

"त्यानं नाय फोडल्या. तो असता तर बोलला असता. पेटी आली, तो नाय आला."

"आमच्या घरात ठावं होतं," ती म्हनाली. "म्हंजी ठावं नाय, पर आजी म्हनायची, त्या घराकडं जाऊ नको, आपल्या पेटीनं त्यांचं वाटोळं केलं. मी म्हनून येत नव्हते. मला वाटायचं, तू शिव्या देशील."

"दिल्या असत्या. तवा दिल्या असत्या."

अण्णांनी फ्रेम परत बसवायला घेतली आन् लाल पट्टी उचलली. चांगुना म्हनाली, "ती नको. तशीच बसवा."

दुकानातनं निघालो तवा फोटू तिनं माज्या हातात दिला. चपलेला आंगठा बसवून घेईस्तोवर मीच धरला होता. यष्टीत बसताना तिला परत दिला. म्हनलं, "नवमीला येशील?"

"कशाला?"

"सवाष्ण म्हनून जेवायला. आयेच्या नावानं. तुजा नवरा जित्ता हाय, नळाची मस्करी करन्याएवडा."

तिनं फोटू परत जुन्या लुगड्यात गुंडाळला आन् ट्रककडं गेली.

नवमी

घरी आले आन् भावाला एवडंच सांगितलं, "आय खरं बोलत होती." त्यानं दुसरं काय इचारलं नाय. वाल भिजत घालायला सांगितले.

चांगुना आली. नवऱ्याला घेऊन, फोटू घेऊन, पट्टीशिवाय. गाव जेवायला आलं तसं फोटूभवती जमलं. भिंग नव्हतं, पर आता ठावं झालं की डोळ्यालाबी दिसत होते दोन आंगठे. बायका वाकून बघत होत्या आन् आपल्या पायाकडं बघत होत्या.

चुलतभाऊ नामा मातुर अडून बसला. आयेचं पान आमुशेला ठरवलं त्यात त्याचा बाप होता. म्हनाला, "बरं, फोटूत जित्ता होता. मंग आला का परत? नाय ना? म्हंजी मेलाच. मंग कसली सवाष्ण?"

मी बोलनार, तर भाऊच पुढं झाला. तो कवा बोलत नाय. म्हनाला, "नामा, कवा मेला ते सांग. दिस सांग. त्या दिसापासनं आय विधवा. त्याच्या आदी नाय. सांग."

नामा बोटं मोजाय लागला.

"आदी ती गेली का आदी तो, तुला ठावं हाय?"

"ते कोनाला ठावं असनार?"

"मंग बस पाटावर. भात निवतोय."

नामा बसला. जेवलाबी. त्यानं वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं.

चांगुनाला पाटावर बसवली, पुढं आयेच्या नावाचं पान. माज्या भावजयीनं तिला हळद-कुंकू लावलं, खनानारळानं ओटी भरली. मंग हिरव्या बांगड्या घेतल्या आन् तिचा हात दाबून भरायला लागली. चांगुनाचा हात आता जाड, कामाचा. तीन गेल्या. चौथी मनगटाच्या वर अडली आन् कट्‌कन आवाज झाला. तुकडे आयेच्या पानाशेजारी पडले.

 भावजय माज्याकडं बघाय लागली. आमच्या घरात काय म्हनतात ते तिला ठावं होतं.

मी तुकडे पदरात येचून घेतले आन् म्हनलं, "वाढली. दुसरी भर."